खुर्चीचा मान आणि माणसाचे चारित्र्य

निवडणुकीचा निकाल लागला, गुलाल उधळून झाला, की आठवडाभरात हारतुऱ्यांचे कार्यक्रम सुरू होतात. शाळा, मस्जिद कमिटी, बचत गट, मोहल्ला, सगळीकडून नव्या लोकप्रतिनिधीला निमंत्रण जाते. अशा वेळी घराघरांत एक प्रश्न हमखास निघतो. ज्याच्या दारूच्या, उर्मटपणाच्या, घरातल्या वागणुकीच्या गोष्टी सारे गाव सांगते, त्याच्यासाठी उभे का राहायचे? मुले तर तोंडावरच विचारतात. आम्ही शिक्षक वर्गात खरे बोलायला शिकवतो आणि त्याच मुलांच्या हाती पाहुण्यांसाठी फुले देतो. म्हणून हा प्रश्न आम्हाला टाळता येत नाही.

आधी एक गोष्ट स्पष्ट करून घेऊ. निवडून येणे म्हणजे चारित्र्याचे प्रमाणपत्र नव्हे. याचा दाखला आपल्याच भागात आहे. आजचा गोंदिया जिल्हा १ मे १९९९ पर्यंत भंडारा जिल्ह्यात होता. १९५४ साली भंडारा लोकसभा पोटनिवडणुकीत खुद्द डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे होते. राखीव जागेवर काँग्रेसचे भाऊराव बोरकर जिंकले, बाबासाहेब हरले. म्हणून बाबासाहेबांची उंची कमी झाली असे कोण म्हणेल? उलट अमेरिकेत पाहा. ३० मे २०२४ रोजी न्यूयॉर्कच्या ज्युरीने ३४ आरोपांत दोषी ठरवलेले डोनाल्ड ट्रम्प त्याच वर्षी निवडून आले आणि २० जानेवारी २०२५ रोजी राष्ट्राध्यक्ष झाले. मतपेटी पद कोणाला मिळाले एवढेच सांगते. कोण मोठा, हे ती सांगत नाही.

मग पदाचा मान का ठेवायचा? कारण ते पद त्या माणसाच्या मालकीचे नाही. ते आपल्या मतांनी दिलेली अमानत आहे. सरपंच, नगराध्यक्ष, आमदार यांच्या सहीवर आपले दाखले, रस्ते, घरकुले अडतात किंवा सुटतात. ज्याने विरोधात मत दिले त्याचाही तो प्रतिनिधी असतो. त्याच्याशी सभ्यतेने बोलणे म्हणजे शेजाऱ्यांच्या मताचाही आदर करणे होय. पवित्र कुरआनात (सूरह ताहा) हजरत मूसा आणि हजरत हारून (अलै.) यांना फिरऔनसारख्या जुलमी राजाशीही नरमाईने बोलण्याची ताकीद आहे. मात्र त्यांना गप्प बसायला सांगितलेले नाही. बोलणे नरम असावे आणि म्हणणे ठाम असावे, हीच आपली रीत.

आता खासगी आयुष्याचे. सूरह हुजुरातमध्ये पाळत ठेवणे आणि गीबत करणे या दोन्ही गोष्टींना मनाई आहे. हजरत उमर (रजि.) यांची एक रिवायत प्रसिद्ध आहे. रात्रीच्या गस्तीत ते एका घराची भिंत ओलांडून आत गेले आणि दारू पिणाऱ्याला पकडले. त्या माणसाने उलट त्यांनाच विचारले: पाळत ठेवलीत, दार सोडून आलात, परवानगीही घेतली नाहीत, हे कसे? खलीफांनी ते मान्य केले. तेव्हा ऐकीव गोष्टी व्हॉट्सॲपवर फिरवून कोणाची अब्रू काढणे हे काही दीनदारीचे काम नाही.

पण हा पडदा उंबरठ्याच्या आतपुरता आहे. बायकोला मारहाण हा खासगी मामला नाही, तो गुन्हा आहे. लाच, पैशाची अफरातफर, दमदाटी यांवर पांघरूण घालणे म्हणजे अमानतीत खयानत. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ आणि २००३ च्या निकालांपासून उमेदवाराला गुन्ह्यांची आणि मालमत्तेची माहिती शपथपत्रात द्यावी लागते. २०१३ च्या लिली थॉमस निकालानंतर दोन वर्षे वा अधिक शिक्षा झालेल्या आमदार-खासदाराचे पद तत्काळ जाते. विदर्भातच डिसेंबर २०२३ मध्ये नागपूर जिल्हा बँक प्रकरणी शिक्षा होताच सावनेरचे आमदार सुनील केदार यांची आमदारकी गेली. सरपंचालाही लांच्छनास्पद वर्तनाबद्दल ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ३९ खाली काढता येते.

खरी परीक्षा मात्र आपल्या माणसाच्या वेळी होते. बॅ. अ. र. अंतुले १९८० साली महाराष्ट्राचे पहिले मुस्लिम मुख्यमंत्री झाले. आपल्या घरांतून त्यांचे नाव अभिमानाने घेतले जाते आणि संजय गांधी निराधार योजनेसारखे त्यांच्या काळातले काम आजही विधवांच्या, वृद्धांच्या उपयोगी पडते. पण जानेवारी १९८२ मध्ये सिमेंट वाटप आणि प्रतिष्ठानच्या देणग्यांच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल विरोधात गेला आणि त्यांना राजीनामा द्यावा लागला. काम आठवायचे तर निकालही आठवला पाहिजे. दुसऱ्याच्या नेत्याला एक माप आणि आपल्या नेत्याला दुसरे, हा इन्साफ नव्हे.

हजरत अबूबक्र (रजि.) यांनी खलीफा होताच लोकांना सांगितले होते की मी तुमच्यातला सर्वोत्तम नाही, बरोबर वागलो तर साथ द्या, चुकलो तर सरळ करा. इतक्या थोर माणसाने असे म्हणावे, तर आपल्या नगरसेवकाला प्रश्न विचारणे म्हणजे बेअदबी कशी?

तेव्हा मुलांना आम्ही असे सांगतो: पाहुणे आले की उभे राहा, सलाम-नमस्कार करा, पण खोटी स्तुती करू नका. भाषणात त्यांच्या केलेल्या कामाचाच उल्लेख करा. काम नसेल तर स्वागताचे दोन शब्द पुरेत. पाया पडणे, फोटोला दुधाचा अभिषेक, गाडीपुढे नाच यांपासून लांब राहा. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी राजकारणातल्या भक्तीचा धोका सांगितला होता, तो याचसाठी.

आणि मोठ्यांसाठी काम याहून जास्त आहे. पुढच्या वेळी मत देण्याआधी शपथपत्र वाचा. ग्रामसभेला जा, भगिनींनाही सोबत न्या आणि खर्चाचा हिशोब अदबीने पण सर्वांसमोर मागा. हार घालायला शंभर जण जातात. हिशोब मागायला निदान दहा तरी जायला हवेत.