धर्मादाय खाटा: राखलेल्या किती, मिळालेल्या किती?

धर्मादाय रुग्णालयात मिळणारी सवलत ही विश्वस्तांची मेहेरबानी, हा समज इतका मुरलाय की भिवंडीतला यंत्रमाग कामगार तिथे हात जोडूनच उभा राहतो. वस्तुस्थिती अशी की तो त्याचा हक्क आहे. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ कक खाली मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये योजना घालून दिली. १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत, १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत, आणि इतर रुग्णांच्या एकूण बिलाच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत. करसवलत आणि अनेक ठिकाणी जमीन किंवा वाढीव चटईक्षेत्र घेतल्याची ही परतफेड आहे. मात्र तिथे सगळ्यांना सगळं फुकट, हाही गैरसमजच. वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजारांपर्यंत असेल तर रुग्ण निर्धन, त्यापुढे ३ लाख ६० हजारांपर्यंत दुर्बल घटकातला.

सगळ्यात घातक समज तिसरा: फलकावर राखीव खाटांचा आकडा आहे, म्हणजे लाभ पोहोचला. १०० खाटांच्या रुग्णालयात १० मोफत खाटा म्हणजे वर्षाला ३,६५० दिवसांची सोय. एक रुग्ण सरासरी पाच दिवस राहिला असं धरलं, तर ७३० माणसं. नोंदवहीत दोनशेच नावं निघाली, तर खाटा राखल्या गेल्या पण गरिबाला मिळाल्या नाहीत. निधीचंही तसंच. १० कोटींच्या बिलावर २० लाख जमा झाले, एवढ्याने भागत नाही. त्यातले किती, कोणत्या आजारावर खर्च झाले ते हवं. आरोग्य शिबिरात किती जणांना तपासलं यापेक्षा पुढे किती जणांवर उपचार झाले, हे विचारायला हवं. आणि महात्मा फुले जन आरोग्य योजनेतल्या उपचाराचे पैसे सरकार देतं, ते रुग्ण विश्वस्तांच्या खात्यावर लाभ म्हणून मांडणं मला पटत नाही. शिवाय लाभ मोजायचा तर आधी गरज माहीत हवी. अमेरिकेत २०१० च्या कायद्यानंतर करमुक्त रुग्णालयांना दर तीन वर्षांनी परिसराच्या आरोग्यगरजा पाहाव्या लागतात. भिवंडीत तशी पाहणी करायची तर क्षयरोग, कापसाच्या धुळीने होणारे छातीचे विकार आणि मागांच्या खडखडाटाने जाणारी श्रवणशक्ती हे विषय तिच्यात हवेतच.

रुग्णालयांचं म्हणणं असतं की गरीब रुग्ण येतच नाहीत, आले तर कागद नसतात, शिवाय निधी पुरत नाही. निधी खरोखर आटला तर ते देखरेख समितीपुढे मांडण्याची वाट योजनेतच आहे. कागदांची अडचण मात्र खरी आहे. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला किंवा रेशनकार्ड लागतं, आणि इथल्या कित्येक कामगारांचं रेशनकार्ड उत्तर प्रदेश, बिहार किंवा तेलंगणातल्या गावी असतं. पण त्यावरचा उपाय रुग्णाला परत पाठवणं हा नव्हे. दाखला मिळवून द्यायला समाजसेवक नेमता येतो. तातडीच्या वेळी तर अनामत न मागता दाखल करून जीव वाचवणारे उपचार द्यायचेच असतात, कागद नंतर. म्हणून दाखल झालेल्यांच्या यादीइतकीच परत गेलेल्यांची यादीही दरमहा ठेवली पाहिजे: कधी आला, काय झालं होतं, कोणता कागद नव्हता. भिवंडीतल्या सरकारी इंदिरा गांधी स्मृती उपजिल्हा रुग्णालयातून कळव्याला किंवा ठाण्याला पाठवलेल्या रुग्णांच्या नोंदींशी ती ताडून पाहिली, तर जवळ मोफत खाट रिकामी असताना कोणाला पुढे पाठवलं गेलं, हे नेमकं कळेल.