कुपीवरचे शब्द आणि नाकाची साक्ष

पौष सरता सरता, तळेगाव (श्यामजी पंत) येथून नागपूर-अमरावतीचा हमरस्ता सोडून एखाद्या पांदणीने संत्र्याच्या बागेत शिरावे, आणि ताण तोडून पाणी दिलेल्या झाडांवर आंबिया बहाराची पांढरी फुले नुकतीच उमललेली असावीत, म्हणजे सुगंध ही वस्तू कोणाच्याही शिफारसपत्रावाचून आपली ओळख आपणच पटवून देते, हे मनुष्यास न सांगता कळते. आम्हा आर्वी-आष्टी-कारंजा भागातील लोकांना हा गंध जन्मापासून परिचयाचा. म्हणूनच, कोलोन शहरी स्थायिक झालेल्या योहान मारिया फरिना नामक इटालियन गंधकाराने 1708 साली आपल्या भावास लिहिलेल्या पत्राचा आशय जेव्हा प्रथम माझ्या वाचनात आला, तेव्हा तो परका वाटला नाही. आपण सिद्ध केलेल्या गंधजलाने पाऊस पडून गेलेल्या इटलीतील वसंतप्रभातेची, डोंगरावरील नर्गिसाची आणि नारिंगाच्या फुलांची आठवण होते, असे त्याने कळविले होते. ज्याने बाग पाहिली आहे त्यालाच असे लिहिता येते, आणि ज्याने बाग पाहिली आहे त्यालाच ते पारखता येते.

पुढील तीन शतकांत या वर्णनाचे हळूहळू दाव्यात रूपांतर झाले. वर्णन हुंगणाऱ्याला साक्षीस बोलावते. दावा मात्र साक्षीपुराव्यावाचून निकाल ऐकवून मोकळा होतो. आज मूल्यवान परदेशी सुगंधांच्या जाहिराती पौरुष, मोहिनी, राजवैभव आणि अविस्मरणीयता यांची ग्वाही देतात, आणि दुसऱ्या बाजूस सुगंधाचे खरे रसिक त्या ग्वाहीची मनगटावर, घड्याळ लावून, परीक्षा घेतात. या दोन पक्षांमधील वाद वरवर चैनीचा दिसला, तरी त्याच्या मुळाशी नाव आणि वस्तू यांच्या प्रामाणिक नात्याचा प्रश्न आहे, आणि तो आपल्या मातीशीही निगडित आहे.

औषधापासून ऐश्वर्यापर्यंत

कोलोनचे गंधजल आरंभी केवळ सुवासासाठी विकले जात नव्हते. ते पोटात घेण्याचे व अंगास चोळण्याचे औषध म्हणूनही खपत असे. 1810 साली नेपोलियनने गुप्त औषधांची कृती सरकारात रुजू करण्याचा हुकूम काढला, तेव्हा कृती उघड करण्यापेक्षा औषधी गुणाचा दावाच सोडून देणे उत्पादकांना सोयीचे वाटले आणि ते द्रव्य केवळ प्रसाधन ठरले. पुरावा मागताच दावा मागे घेतला गेल्याचे सुगंधाच्या इतिहासातील हे ठळक उदाहरण होय.

नावाचीही अशीच गोष्ट झाली. फरिना हे नाव ग्राहकांच्या मनात भरताच, 1803 साली विल्हेल्म म्युलहेन्स या व्यापाऱ्याने, मूळ घराण्याशी काहीही संबंध नसलेल्या दुसऱ्या एका फरिनाकडून ते नाव वापरण्याचा हक्क विकत घेतला. पुढे खटले चालले, आणि अखेरीस 1881 साली म्युलहेन्सांच्या पेढीस ते नाव टाकून आपल्या घराच्या क्रमांकाचा, म्हणजे ‘4711’ या आकड्याचा, आश्रय करावा लागला. विसाव्या शतकात दाव्याने आणखी एक वळण घेतले. 1930 साली, जागतिक मंदीच्या ऐन तडाख्यात, पॅरिसच्या झां पातू यांचे ‘जॉय’ हे अत्तर जगातील सर्वांत महाग म्हणून पुढे आले, आणि एका औंसासाठी मोगऱ्याच्या जातीची 10,600 फुले व 28 डझन गुलाब लागतात, असे त्या पेढीने सांगितले. येथपासून किंमत हाच गुण म्हणून मांडला जाऊ लागला.

आपल्या गवताचे तुर्की नाव

नाव आणि वस्तू यांची फारकत कोठवर जाऊ शकते हे पाहावयाचे असल्यास पॅरिसला जाण्याचे कारण नाही. आमच्या वायव्येस मेळघाटचे डोंगर आणि त्यापलीकडे खानदेश. या पट्ट्यात पावसाळ्याअखेर फुलोऱ्यावर येणारे रोशा गवत कापून, ओढ्यानाल्यांच्या काठी भट्ट्या लावून त्याचे तेल गाळण्याचा धंदा पूर्वापार चालत आला. उत्तम प्रतीच्या गवतास ‘मोतिया’ आणि हलक्या प्रतीच्या गवतास ‘सोफिया’ म्हणत. एकोणिसाव्या शतकात हे रोशेल मुंबई बंदरातून तांबड्या समुद्राच्या मार्गाने तुर्कस्तानात जाई, तेथे त्यास ‘तुर्की जिरेनियम’ हे नाव मिळे, आणि पुढे बल्गेरियाच्या गुलाबाच्या अत्तरात त्याची सर्रास भेसळ होई. ते तुर्कस्तानचे नव्हते आणि त्यात जिरेनियमही नव्हते. भेसळ पचत असे याचे कारण रासायनिक होते: गुलाबाच्या अत्तरास जे घटक त्याचे रूप देतात त्यांपैकी जिरॅनिऑल हा एक मुख्य, आणि रोशेलाचा मोठा हिस्सा त्याच द्रव्याचा असतो. 1871 साली ओस्कार याकोबसेन या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने जिरॅनिऑल प्रथम शुद्ध रूपात वेगळे केले, ते हिंदुस्थानातील अशाच सुगंधी गवताच्या तेलातून. युरोपातील श्रीमंत घरांत गुलाब म्हणून जे हुंगले गेले, त्यात आमच्या डोंगरातील गवत कापणाऱ्यांच्या श्रमाचा वाटा होता; कुपीवर मात्र त्याची नोंद कधी झाली नाही.

हाच प्रकार आज निराळ्या रूपाने चालू आहे. गेल्या दोन दशकांत ‘ऊद’ हा शब्द अतिमूल्य सुगंधांचा परवलीचा शब्द बनला आहे. खरा ऊद म्हणजे अगरुच्या झाडास बुरशीचा संसर्ग झाल्यावर त्याच्या गाभ्यात साठणारी राळ. ती दुर्मीळ असल्यामुळे त्या वृक्षाच्या मुख्य जातीचा आंतरराष्ट्रीय व्यापार 1995 पासून नियंत्रित आहे. तेव्हा शेकडो कुप्यांवर जो ऊद लिहिलेला असतो तो येतो कोठून? पुष्कळदा तो गंधकाराच्या कौशल्यातून येतो, आणि त्या कौशल्यास हाताशी लागणाऱ्या द्रव्यांत ‘सिप्रिऑल’ या व्यापारी नावाचे एक धुरकट, मातकट तेल प्रमुख असते. हे सिप्रिऑल म्हणजे मध्य भारतातील पाणथळ जागी वाढणारा आपला नागरमोथा. नरकचतुर्दशीच्या पहाटे जो उटण्यातून आपल्या अंगास लागतो, तोच.

येथे एक न्याय मात्र राखला पाहिजे. कृत्रिम घटक म्हणजे फसवणूक, असे समजणे अज्ञानाचे होय. ‘लिली ऑफ द व्हॅली’ या नाजूक फुलाचे अत्तर व्यापारी प्रमाणावर निघतच नाही. एदमों रुदनित्स्का यांनी 1956 साली ‘दिऑरिसिमो’मध्ये ते फूल प्रयोगशाळेतील द्रव्यांच्या साहाय्याने उभे केले, आणि ती शुद्ध कलाकृती ठरली. चित्रातल्या आंब्यास आपण खोटा आंबा म्हणत नाही. दोष केवळ तेथे घडतो, जेथे चित्र विकताना फळाचा भाव लावला जातो आणि ‘संपूर्ण नैसर्गिक’, ‘रसायनमुक्त’ असा शिक्का त्यावर मारला जातो. कारण गुलाब आणि चंदन हीसुद्धा अखेर रसायनेच आहेत.

टिकाऊपणाचा हिशेब

सर्वसामान्य ग्राहकाची तक्रार बहुधा टिकाऊपणाविषयी असते. काही वर्षांपूर्वी, सबंध दिवस दरवळणार असे लिहिलेली संत्रागंधाची एक कुपी मीही मोठ्या हौसेने नागपूरहून आणली होती. चैत्रातल्या उन्हात तळेगावच्या बसथांब्यावर उतरेपर्यंत तिचा मागमूस राहिला नाही. त्याचे कारण संत्रे सोलणाऱ्या कोणासही उमगण्याजोगे आहे. सालीतील तेलात नव्वद टक्क्यांहून अधिक लिमोनिन असते. त्याचे रेणू हलके, म्हणून ते प्रथम उडून जातात. फुलांचे गंध मध्ये रेंगाळतात. चंदन, राळ, कस्तुरीसदृश द्रव्ये यांचे जड रेणू तळाशी बसून सायंकाळपर्यंत पुरतात. संत्र्याचा वास दिवसभर टिकविण्याचे वचन देणारा एक तर संत्र्याखेरीज दुसरेच काही विकत असतो किंवा न पाळता येणारे वचन देत असतो.

कुपीवरील ‘ओ द कोलोन’, ‘ओ द ट्वालेत’, ‘ओ द पार्फम’ ही नावे सुगंधी अर्काचे प्रमाण सुचवितात. स्थूलमानाने ते अनुक्रमे 2 ते 4, 5 ते 15 आणि 15 ते 20 टक्के मानले जाते. परंतु हा व्यापारी संकेत आहे, कायद्याचे माप नव्हे. याउलट, 2011 साली आपल्या बाजारात आलेल्या ‘फॉग’ या डिओडरंटने डब्यात वायू भरलेला नाही आणि फवारे 800 निघतील, असे सांगितले. त्या सुगंधाच्या दर्जाविषयी कोणाचे मत काहीही असो, हा दावा मोजून पाहता येण्याजोगा होता, आणि मोजता येणारा दावा हा ग्राहकाचा सन्मान होय.

याच हिशेबात नाकाची मर्यादाही धरली पाहिजे. एकच वास सतत येत राहिला की घ्राणेंद्रिय त्याची दखल घेणे सोडते. त्यामुळे स्वतःस उडून गेलेला वाटणारा गंध शेजारच्यास स्पष्ट येत असतो. दुकानात नाक ताजे करण्यासाठी कॉफीच्या बिया पुढे करतात. परंतु 2011 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगात त्यांचा उपयोग साध्या हवेहून अधिक आढळला नाही. दुकानाबाहेर येऊन चार श्वास घेणे तितकेच गुणकारी आहे.

रसिकांची कसोटी

सुगंधाचे आजचे रसिक, मग ते मुंबईच्या महंमद अली रोडवर अत्तराचा फाया कानात ठेवून हिंडणारे असोत की परदेशी कुप्यांचा संग्रह करणारे असोत, दाव्यास एका साध्या शिस्तीने उत्तर देतात. ते सबंध कुपी घेण्यापूर्वी पाचदहा मिलिलिटरचा नमुना, ज्यास ते ‘डिकँट’ म्हणतात, मिळवितात. कागदी पट्टीवर नव्हे तर कातडीवर लावतात. पहिल्या पाच मिनिटांच्या झगमगाटावर मत देत नाहीत. आणि तासातासाने नोंद करतात. न हुंगता केलेल्या खरेदीस ते ‘ब्लाइंड बाय’ म्हणतात आणि नवख्यास तिच्यापासून परावृत्त करतात. आपली स्थापना 1760 सालची असल्याचे सांगणाऱ्या ‘क्रीड’सारख्या प्रतिष्ठित घराण्याकडेही ते त्या सालाचा दस्तऐवज मागतात, आणि त्याच घराण्याचे 2010 सालचे ‘अव्हेंटस’ घेताना एका घाण्याची दुसऱ्या घाण्याशी तुलना करून पाहतात.

त्यांचा सर्वांत सबळ आक्षेप मूक बदलाविषयी आहे. कातडीस अपाय होऊ नये म्हणून 1973 साली स्थापन झालेली सुगंध-उद्योगाची आंतरराष्ट्रीय संघटना ‘इफ्रा’ निरनिराळ्या द्रव्यांवर मर्यादा घालते. ओकवृक्षावरील शेवाळसदृश दगडफुलाच्या अर्कावर असे निर्बंध आले, आणि ‘लिलियल’ या द्रव्यास युरोपीय संघाने मार्च 2022 पासून बंदी केली. हे निर्बंध लोकहिताचे आहेत. परंतु घटक बदलूनही नाव तेच, कुपी तीच आणि वर्णन तेच राहते, तेव्हा वीस वर्षे एक गंध जपलेल्या माणसाचा विश्वास दुखावतो. बदल केला असे दोन ओळींत सांगितले असते, तर तो दुखावला नसता.

आपली परीक्षापरंपरा

ही चिकित्सक वृत्ती आपल्याकडे नवी नाही. कौटिल्याने कोशात घ्यावयाच्या रत्नद्रव्यांबरोबर चंदन आणि अगरु यांचीही परीक्षा सांगितली आहे. चांगले चंदन हलके, स्निग्ध, कातडीत मुरणारे आणि उष्णता सोसणारे असावे, असा त्याचा निकष आहे. वराहमिहिराने बृहत्संहितेच्या गंधयुक्ती प्रकरणात सोळा द्रव्यांतून चार चार निवडल्यास 1820 मिश्रणे होतात, असे गणित मांडले. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे क्युरेटर परशुराम कृष्ण गोडे यांनी गंगाधराचा ‘गंधसार’ आणि मराठी टीकेसह असलेला ‘गंधवाद’ या हस्तलिखितांकडे विद्वानांचे लक्ष वेधले, तेव्हा अत्तराच्या कृतींचा विचार जुन्या मराठीतही झालेला होता हे सिद्ध झाले. 1922 साली मुंबईत सुरू झालेली एस. एच. केळकर आणि कंपनी आज गंधद्रव्यांच्या मोठ्या भारतीय उत्पादकांत गणली जाते, आणि मुलुंडच्या वझे महाविद्यालयात सुगंधशास्त्राचा पदव्युत्तर अभ्यासक्रम शिकविला जातो. नाकाचे शिक्षण मराठी माणसास दूर शोधावे लागत नाही.

कायदाही ग्राहकाच्या पाठीशी आहे. जाहिरातींच्या आत्मनियमनासाठी 1985 साली मुंबईत स्थापन झालेली परिषद तक्रारी ऐकते. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविरुद्ध केंद्र सरकारची मार्गदर्शक तत्त्वे जून 2022 पासून अमलात आहेत. आणि 1915 या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक साहाय्यसेवेकडे कैफियत मांडता येते. अर्थात मोघम स्तुतीवर फिर्याद चालत नाही. तास, टक्के, घटक आणि मूळ स्थान यांविषयीच्या स्पष्ट विधानांवरच ती उभी राहते. म्हणून कुपीवर मोजता येण्याजोगे काय लिहिले आहे, हे प्रथम वाचावे.

आमच्याकडे संत्र्याची बाग फळ झाडावर असतानाच विकली जाते. व्यापारी बांधावरून बोली करीत नाही. तो ओळीओळीने हिंडतो, आतल्या फांद्या वर करून पाहतो, एखादे फळ फोडून चाखतो आणि मग आकडा उच्चारतो. बागवानालाही त्यात अपमान वाटत नाही, कारण ज्याचा माल खरा आहे त्यास पाहणाऱ्याचे भय नसते. सुगंध घेणाऱ्यानेही असेच ओळीओळीने हिंडावे. दिवाळीच्या तोंडावर आमच्या घरी आजही उटणे घरीच कुटतात. परातीत आंबेहळद, कपूरकाचरी, वाळा, गुलाबाच्या वाळलेल्या पाकळ्या, बागेतल्याच संत्र्याची उन्हात कडक केलेली साल आणि नागरमोथा असा एकेक जिन्नस जसजसा पडू लागतो, तसतशी आई लेकरांना त्याचे नाव सांगून तो हुंगावयास देते. नाव आधी उच्चारले जाते, वस्तू लगेच नाकाशी येते, आणि मूल दोन्ही एकत्र लक्षात ठेवते. ज्या मुलाने सहाव्या वर्षी नागरमोथा असा ओळखला, ते पुढे जगातल्या कोणत्याही दुकानात, कोणत्याही नावाखाली, त्याला ओळखील.