दुर्बीण आणि यान : दोन साधनांचा तौलनिक विचार

‘दुर्बीण’ हा शब्द फारसीतून मराठीत आला. ‘दूर’ आणि ‘बीन’, म्हणजे पाहणारा, हे त्याचे घटक होत. ‘यान’ हा शब्द संस्कृत ‘या’ (जाणे) या धातूपासून सिद्ध झाला आहे. अवकाशसंशोधनाची ही दोन साधने अशा रीतीने नावांतच आपले कार्य सांगतात : एक दुरून पाहते, दुसरे प्रत्यक्ष जाते. यांपैकी श्रेष्ठ कोणते, असे वारंवार विचारले जाते. हा प्रश्न योग्य आहे काय, हे पाहणे हा प्रस्तुत टिपणाचा हेतू आहे.

भोर-वेल्ह्याच्या मुलखात हिंडलेल्या वाचकास हा भेद सहज उमगेल. राजगडाच्या संजीवनी माचीवरून तोरणा स्पष्ट दिसतो; त्याचा आकार आणि तिकडे जाणारी डोंगरधार एका दृष्टिक्षेपात कळते. परंतु तेथील टाक्यातले पाणी पिण्याजोगे आहे किंवा नाही, हे समजण्यास धार चालून तोरण्यावरच जावे लागते. शिवाय तोरण्यावर गेलेला मनुष्य त्याच वेळी भोरजवळच्या रोहिड्यावर असू शकत नाही.

दुर्बिणीचे बळ तिच्या आवाक्यात आहे. पुणे जिल्ह्यातच, जुन्नर तालुक्यातील खोडद येथे, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना सुमारे २५ किलोमीटरच्या विस्तारात उभ्या आहेत. सुमारे ८८० कोटी वर्षांपूर्वी निघालेली हायड्रोजनची लहर तेथे टिपली गेल्याचे २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. उलटपक्षी, १९७७ मध्ये निघालेले व्हॉयेजर-१ सेकंदास सुमारे १७ किलोमीटर वेगाने जात असूनही, सर्वांत जवळच्या ताऱ्याइतके अंतर कापण्यास त्यास सत्तर हजारांहून अधिक वर्षे लागतील. तथापि मातीचा कण हाताळणे दुर्बिणीस शक्य नाही. ते यानाचेच काम होय.

या दोहोंचा संबंध १९ ऑक्टोबर २०१६ रोजी खोडद येथेच प्रत्ययास आला. युरोपीय अवकाश संस्थेचे स्कियापारेली हे यान त्या दिवशी मंगळावर उतरत होते. सुमारे साडेसतरा कोटी किलोमीटरवरून येणारा त्याचा क्षीण संदेश खोडदच्या दुर्बिणीने पकडला. त्याच्या वारंवारतेतील बदलावरून यानाची गती कमी होत असल्याचे कळत होते. परंतु अपेक्षित अवतरणाच्या किंचित आधी तो संदेश थांबला. संदेश केव्हा थांबला, हे दुर्बिणीने सांगितले. का थांबला, हे मात्र तिला सांगता येईना. यानाने उतरताना आपल्या मातृयानाकडे पाठविलेल्या नोंदींतून पुढे कारण उलगडले : परिभ्रमण मोजणाऱ्या उपकरणाच्या चुकीच्या मापनामुळे, आपण भूपृष्ठाच्याही खाली आहोत, असा यानाच्या संगणकाचा समज झाला होता.

तात्पर्य, श्रेष्ठत्वाचा प्रश्न येथे गैरलागू ठरतो. कोठे जावे, हे दुर्बीण सुचविते. जे दिसले त्याचा अर्थ यान पडताळते. आपल्या भाषेने हे ऐक्य पूर्वीच ओळखले असावे. आकाशाकडे केवळ पाहण्याच्या जागेस आपण ‘वेधशाळा’ म्हणतो, आणि ‘वेध’ शब्दाचा मूळ अर्थ मात्र भेदून आत शिरणे असा आहे.