मनाच्या जखमा – भाग ९ : हलत्या बोटामागचे काम

भीषण प्रसंगाची आठवण इतर आठवणींसारखी जुनी का होत नाही, ती दर वेळी आत्ताच घडत असल्यासारखी अंगावर का येते, हे मागच्या भागात पाहिले. आता उपचारांकडे वळू. दिल्लीत, गुरुग्राममध्ये किंवा नोएडात आघातावरचे उपचार शोधू लागले की एक नाव फार लवकर कानावर येते: ईएमडीआर, म्हणजे 'आय मूव्हमेंट डिसेन्सिटायझेशन अँड रिप्रोसेसिंग'. समुपदेशक समोर बसून दोन बोटे डावीकडून उजवीकडे आणि पुन्हा डावीकडे नेतात, आपण मान न हलवता नजरेने त्यांचा पाठलाग करायचा आणि त्याच वेळी तो प्रसंग मनात धरायचा. वर्णन ऐकून काहींना हा चमत्कार वाटतो, तर काहींना शुद्ध हातचलाखी. दोघांचेही लक्ष बोटावरच खिळलेले असते आणि दोघांची गफलत तिथेच होते. या उपचाराच्या बाजूने जो पुरावा आहे तो एका संपूर्ण, शिस्तबद्ध कार्यपद्धतीचा आहे. बोट हा तिचा सर्वांत दिसणारा आणि सर्वांत वादग्रस्त भाग. उपचार घ्यावा की नाही, कुणाकडे घ्यावा आणि त्यातून काय अपेक्षा ठेवावी, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे त्यामुळे बोटाबाहेर शोधावी लागतात.

या पद्धतीचा जन्म संशय यावा असाच आहे. १९८७ मध्ये अमेरिकेतील फ्रान्सिन शापिरो यांना बागेत फिरताना जाणवले की डोळे वेगाने इकडेतिकडे फिरले की त्रासदायक विचारांची धार कमी होते. १९८९ मध्ये त्यांनी २२ जणांवरचा पहिला अभ्यास प्रसिद्ध केला. एवढ्याशा नमुन्यावर, स्वतः उपचार करून स्वतःच काढलेल्या निष्कर्षांवर विज्ञानजगताने विश्वास ठेवला नाही, ते योग्यच झाले. पण पुढच्या पाव शतकात इतरांनी यादृच्छिक चाचण्या केल्या आणि चित्र बदलले. २०१३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आघातोत्तर ताण विकारासाठी, म्हणजे पीटीएसडीसाठी, आघातकेंद्री संज्ञानात्मक-वर्तनोपचारांबरोबर ईएमडीआरचीही शिफारस केली. त्या वेळी संघटनेच्या मानसिक आरोग्य विभागाचे प्रमुख होते डॉ. शेखर सक्सेना. १९९३ च्या किल्लारी भूकंपातून वाचलेल्यांची मानसिक तपासणी करून १९९६ मध्ये जो प्राथमिक अहवाल प्रसिद्ध झाला, त्याच्या लेखकांपैकी ते एक. तपासलेल्या ४२ जणांपैकी निम्म्याहून अधिकांना मानसिक विकार जडलेला आढळला होता, आणि त्यांत पीटीएसडी व नैराश्य आघाडीवर होते. लातूर-उस्मानाबादच्या त्या लोकांना त्या काळी घरे मिळाली, पत्रे मिळाले. झोप परत मिळवून देणारे फार थोडे होते.

सगळ्या मार्गदर्शक सूचना मात्र एका सुरात बोलत नाहीत. ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेने २०१८ मध्ये प्रौढांसाठी ईएमडीआर सुचवले, पण युद्धातील आघात वगळून. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ संघटनेने २०१७ मध्ये सशर्त शिफारस केली, म्हणजे संज्ञानात्मक-वर्तनोपचारांना दिली त्याहून एक पायरी खालची. उलट अमेरिकेच्या माजी सैनिक खात्याने २०२३ मध्ये ईएमडीआरला पहिल्या तीन उपचारांत बसवले. दिल्ली छावणीपासून नोएडाच्या जलवायू विहारपर्यंत फौजी कुटुंबे राहतात, तिथे हा मतभेद निव्वळ शास्त्रीय राहत नाही. माझ्या मते त्याचा अर्थ एवढाच, की हा उपचार चांगल्या उपचारांच्या रांगेतला एक आहे, रांगेच्या पुढे उभा असलेला नाही. पिम कायपर्स आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये ७६ चाचण्यांचा जो एकत्रित आढावा घेतला तोही हेच सांगतो. उपचार न मिळालेल्यांच्या तुलनेत पीटीएसडीवर परिणाम मोठा दिसतो, पण पक्षपाताचा धोका कमी असलेल्या चाचण्या मोजक्याच. आणि त्या वेगळ्या काढल्या की ईएमडीआर इतर उपचारांपेक्षा सरस ठरत नाही.

मग त्या बोटाचे काय? २००१ च्या एका एकत्रित आढाव्यात डोळ्यांची हालचाल असली काय आणि नसली काय, फरक पडत नाही असे दिसले. २०१३ च्या दुसऱ्या आढाव्यात तिचा मध्यम प्रमाणात फायदा दिसला. आज सर्वांत पटण्याजोगे स्पष्टीकरण कार्यकारी स्मृतीचे आहे. एका वेळी मनात धरता येईल अशा गोष्टींना मर्यादा असते. नजरेने बोटाचा पाठलाग करताना त्या मर्यादेतला काही भाग खर्च होतो, आठवण पूर्ण ताकदीने उभी राहू शकत नाही, आणि ती फिकट रूपातच पुन्हा साठवली जाते. नेदरलँड्समधील संशोधकांनी दाखवले आहे की आकडेमोडीसारखी इतर कामेही असाच परिणाम करतात. म्हणूनच काही उपचारक बोटांऐवजी गुडघ्यांवर आलटूनपालटून टिचक्या मारतात, किंवा कानांत डाव्या-उजव्या बाजूने आवाज ऐकवतात. २०१९ मध्ये कोरियातील संशोधकांनी उंदरांच्या मेंदूत अशा डाव्या-उजव्या उत्तेजनाशी संबंधित एक मार्ग शोधला, पण उंदराच्या भीतीपासून माणसाच्या आठवणीपर्यंतचे अंतर मोठे आहे. यावर नेहमीचा आक्षेप असा: यंत्रणाच ठाऊक नाही तर उपचार कसा घ्यायचा? रुग्णाने त्यामुळे थांबण्याचे कारण नाही, कारण परिणाम मोजलेला आहे. थांबावे ते मेंदूच्या रंगीत आकृत्या दाखवून 'डावा-उजवा मेंदू जोडतो' असे ठणकावून सांगणाऱ्या उपचारकाने.

प्रत्यक्षात काय घडते ते पाहिले की बोट किती उशिरा येते हे ध्यानात येते. पद्धतीचे आठ टप्पे आहेत. पहिल्या टप्प्यात पूर्वेतिहास घेतला जातो: काय घडले, आधी काय काय घडले होते, सध्याची औषधे, व्यसन, आत्महत्येचे विचार, घरी आधार कुणाचा. दुसऱ्या टप्प्यात तयारी होते. अस्वस्थता वाढली तर स्वतःला सावरायचे कसे ते शिकवले जाते, मनातली एक सुरक्षित जागा पक्की केली जाते, आणि थांबायचे असेल तेव्हा करायची खूण ठरते. ज्यांचे मन ताणाखाली सुन्न होऊन जणू शरीरापासून तुटते, त्यांची ही तयारी कित्येक आठवडे चालू शकते आणि चाललीच पाहिजे. तिसऱ्या टप्प्यात एक आठवण निवडायची, तिचे सर्वांत बोचरे चित्र, त्या चित्रासोबत स्वतःविषयी येणारे वाक्य, त्याऐवजी जे मानावेसे वाटते ते वाक्य, आणि शरीरात ते कुठे जाणवते. त्रास शून्य ते दहा या मापावर आणि चांगल्या वाक्यावरचा विश्वास एक ते सात या मापावर सांगायचा. मग चौथ्या टप्प्यात बोटे हलू लागतात. साधारण अर्ध्या मिनिटाची एक फेरी, एक खोल श्वास, आणि 'आता काय येते आहे?' एवढाच प्रश्न. उत्तर चित्र असेल, वास असेल, राग असेल, भलतीच जुनी गोष्ट असेल; उपचारक त्यावर प्रवचन देत नाहीत, पुढची फेरी सुरू करतात. त्रासाचा आकडा खाली आल्यावर चांगले वाक्य रुजवणे, शरीर पुन्हा तपासणे, सत्र नीट बंद करणे, आणि पुढच्या वेळी सुरुवातीला मागचे टिकले का हे पाहणे असा क्रम लागतो. एक सत्र साठ ते नव्वद मिनिटांचे. एका आघातासाठी 'नाइस'ने धरलेली संख्या सामान्यतः ८ ते १२ सत्रांची.

या क्रमात एक गोष्ट दिल्लीतल्या मराठी माणसाच्या खास उपयोगाची आहे. घडलेले सारे तपशीलवार सांगण्याची सक्ती इथे नसते, आणि घरी करायचा रोजचा अभ्यासही नसतो; जागतिक आरोग्य संघटनेने हा फरक मुद्दाम नोंदवला आहे. हिंदी-इंग्रजीत काम करणाऱ्या उपचारकासमोर लहानपणीचा अत्याचार किंवा अपघात उलगडून सांगणे ज्यांना जड जाते, त्यांची अडचण यामुळे हलकी होते. मात्र स्वतःविषयीचे ते वाक्य ज्या भाषेत मनात उमटते त्याच भाषेत धरावे. 'माझंच चुकलं' हे मराठीत आतून येत असेल, तर उपचारकाला त्याचा अर्थ हिंदीत सांगावा आणि फेरीच्या वेळी मनात मराठीच ठेवावे. चांगला उपचारक याला हरकत घेणार नाही.

आता काही आक्षेप. हे संमोहन आहे का? नाही, माणूस पूर्ण जागा असतो, केव्हाही हात वर करून थांबवू शकतो. आठवण पुसली जाते का? तीही नाही, प्रसंग आठवतो, फक्त तो धडधड घेऊन येत नाही. खोट्या आठवणी तयार होतात का, हा प्रश्न मात्र गंभीर आहे. २०१८ मध्ये प्रयोगशाळेतल्या एका अभ्यासात डोळ्यांच्या हालचालींनंतर लोक चुकीच्या माहितीला अधिक बळी पडताना दिसले. नंतरच्या काही प्रयोगांत ते पुन्हा आढळले नाही. तरीही ज्यांचा खटला न्यायालयात चालू आहे, त्यांनी साक्ष होण्याआधी आपल्या वकिलाला आणि उपचारकाला, दोघांनाही याची कल्पना द्यावी. खटला संपेपर्यंत उपचार रोखून धरणे हा यावरचा उपाय नव्हे. आपल्याकडे खटले किती वर्षे चालतात ते उपहार चित्रपटगृहाच्या आगीने दिल्लीला पुरते दाखवले आहे. १९९७ साली तिथे ५९ माणसे गेली, आणि त्यांची कुटुंबे दोन दशकांहून अधिक काळ न्यायालयांच्या पायऱ्या चढत राहिली.

घरातल्या मोठ्यांकडून येणारा आक्षेप वेगळाच असतो: 'झालं गेलं गंगेला मिळालं, उकरून काढायचं कशाला?' त्यात शहाणपण आहे, पण ते वेळेपुरते. प्रसंगानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत बहुतेकांचे मन आपोआप सावरते. त्या काळात सर्वांना बसवून घडलेले वदवून घेण्याची पद्धत आता तज्ज्ञच नको म्हणतात, आणि झोपेच्या-शांततेच्या गोळ्यांवर भर देणेही. पण महिना उलटला, तीन महिने उलटले आणि तरी बसचा ब्रेक लागला की छाती भरून येत असेल, तर ते गंगेला मिळालेले नाही. उकरण्याचा त्रास होतो हेही खरे. सत्रानंतर एकदोन दिवस थकवा, विचित्र स्वप्ने, विसरलेले तुकडे वर येणे अपेक्षित आहे. सत्र संपताच रिंग रोडवर स्वतः गाडी हाकत निघू नये, त्या संध्याकाळी मोठे निर्णय घेऊ नयेत, आणि आधीपासूनची औषधे स्वतःच्या मनाने बंद करू नयेत.

किती बरे वाटेल, याचा प्रामाणिक आकडा बेसेल व्हॅन डर कोक यांच्या २००७ च्या चाचणीत सापडतो. ८८ जणांना ईएमडीआर, फ्लुऑक्सेटिन हे नैराश्यविरोधी औषध किंवा निव्वळ औषधाभास देण्यात आला. सहा महिन्यांनी ईएमडीआर घेतलेल्यांपैकी, प्रौढपणी आघात झालेल्यांतले ७५ टक्के जवळजवळ लक्षणमुक्त होते. बालपणी आघात झालेल्यांत हे प्रमाण ३३ टक्के होते. फ्लुऑक्सेटिन गटात तसे कुणीच नव्हते. एका चाचणीवरून कायदा करता येत नाही, पण दिशा स्पष्ट आहे. एकच अपघात, एकच हल्ला असेल तर थोडक्या सत्रांची आशा रास्त. वर्षानुवर्षे घरातच मार किंवा अत्याचार सोसलेल्याला कुणी 'तीन सत्रांत मोकळे' असे सांगत असेल, तर ते विक्रेत्याचे बोलणे समजावे.

सर्वांत ठोस आक्षेप शहराच्या व्यवस्थेचा आहे. एम्स, राममनोहर लोहिया किंवा दिलशाद गार्डनच्या इहबासमधल्या बाह्यरुग्ण विभागाची गर्दी पाहता एका रुग्णाला दर आठवड्याला नव्वद मिनिटे मिळणे अवघड. खासगीत ती मिळतात, पण खिशातून. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने विमा कंपन्यांवर मानसिक आजाराला शारीरिक आजाराच्या बरोबरीने वागवण्याचे बंधन घातले, पण बहुतेक पॉलिसी रुग्णालयात दाखल झाल्यावरच पैसे देतात आणि हा उपचार दाखल न होता घ्यायचा असतो. इथे वरचा पुरावा कामाला येतो. हा उपचार इतरांपेक्षा सरस ठरलेला नसेल, तर त्याच्यासाठी अडून बसण्याचेही कारण नाही. सरकारी रुग्णालयातील चिकित्सा मानसशास्त्रज्ञाकडून आघातकेंद्री वर्तनोपचार मिळत असेल, तर तो घ्यावा.

भारतात या पद्धतीच्या प्रसाराला २००१ च्या कच्छ भूकंपानंतरच्या मदतकार्याने मोठी चालना दिली. परदेशी प्रशिक्षक आले, इथल्या मानसशास्त्रज्ञांनी शिकून पुढे शिकवले. आज प्रशिक्षितांची संख्या वाढली आहे, आणि नुसती पाटी लावणाऱ्यांचीही. ईएमडीआरचे प्रमाणपत्र हे मूळ पात्रतेवरचे जोडशिक्षण आहे. मूळ पात्रता म्हणजे मनोविकारतज्ज्ञाची पदवी किंवा भारतीय पुनर्वास परिषदेत चिकित्सा मानसशास्त्रज्ञ म्हणून नोंदणी. ती विचारण्यात संकोच करू नये. पुढे विचारावे: प्रशिक्षण कुठे घेतले, देखरेख कुणाची आहे, तयारीला किती सत्रे द्याल, मी मध्येच सुन्न झालो तर काय कराल? कुठून सुरुवात करावी हे सुचत नसेल, तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे आणि चोवीस तास चालतो. आणि पूर्वेतिहास न विचारता पहिल्याच भेटीत तुमच्या डोळ्यांसमोर बोट हलवायला लागणाऱ्याकडे दुसऱ्यांदा जाऊ नका.