सहरीच्या ताटाशेजारची गोळी

गेल्या रमजानचा चौथा रोजा. जोहरची नमाज झाल्यावर अम्मी पलंगाच्या कडेला बसली ती बसूनच राहिली. "दिल फडफड कर रहा है," एवढंच म्हणाली. मनगट हातात घेतलं तर नाडी मोजताच येईना. दोन ठोके लगबगीनं, एक गायब, मग चार एकदम. मी भाषा शिकवतो, वैद्यक नव्हे. पण इथली लय मोडली आहे हे कळायला लघु-गुरू मोजावे लागले नाहीत.

डॉक्टरांनी इसीजी काढला. मिनिटाला १४०च्या वर ठोके. तिचा आजार जुनाच, एट्रियल फिब्रिलेशन. यात हृदयाचे वरचे दोन कप्पे नीट आकुंचन पावत नाहीत, नुसते थरथरतात. "सकाळची गोळी घेतली?" डॉक्टरांनी विचारलं. अम्मी खाली बघू लागली. रोजे सुरू झाल्यापासून सकाळी नऊच्या गोळ्या तिनं सोडल्या होत्या; रात्रीच्या मात्र इमानेइतबारे घेत होती. घरात आम्ही पाच माणसं, एकानंही विचारलं नव्हतं. तिला एकटीला दोष कसा द्यायचा?

सोडलेल्या गोळ्या दोन होत्या आणि दोन्हींचं काम वेगळं, हे मला त्या दिवशी नीट समजलं. एक मेटोप्रोलोल, ठोक्यांचा वेग आवरणारी. ती अचानक बंद केली तर आवरलेलं हृदय दुप्पट जोरानं उधळू शकतं. दुसरी रक्त पातळ ठेवणारी. थरथरणाऱ्या कप्प्यात रक्त साचतं, साचलं की गुठळी होऊ शकते आणि ती मेंदूकडे गेली की लकवा. धडधड निदान जाणवते तरी. गुठळी आधी सांगून येत नाही. म्हणून "आज बरं वाटतंय, राहू दे गोळी" हा हिशेब इथे चालत नाही.

या औषधांचा इतिहासही मजेचा आहे. १९१२ साली एक डच व्यापारी वेंकेबाख नावाच्या हृदयतज्ज्ञाकडे गेला. नाडी अनियमित. डॉक्टर म्हणाले, यावर माझ्याकडे इलाज नाही. व्यापारी म्हणाला, उद्या सकाळी नीट नाडी घेऊन येतो, आणि खरंच आला. त्यानं एक ग्रॅम क्विनाईन घेतलं होतं, आपल्या आजी-आजोबांचं तापावरचं कडूजहर कोयनेल! त्याच्याच सख्ख्या भावंडातून, क्विनिडिनमधून, पुढे ताल सुधारणारं औषध आलं. पण अशा औषधांना दुसरी धारही असते. १९८९ मध्ये अमेरिकेतल्या 'कास्ट' या चाचणीत असं दिसलं, की हार्ट अटॅक येऊन गेलेल्यांचे जादा ठोके फ्लेकेनाईड आणि एन्केनाईडनं दबले खरे, पण नुसती खोटी गोळी घेणाऱ्यांपेक्षा ही औषधं घेणारेच जास्त दगावले. शेजाऱ्याची गोळी मागून खाण्याची आपल्या गल्लीतली सवय म्हणूनच मला भीतीदायक वाटते.

तर रमजानचं काय? दिवसातून एकदा किंवा दोनदा घ्यायच्या अनेक गोळ्या सहरी आणि इफ्तारला बसवता येतात. मेटोप्रोलोलचा एकदाच घ्यायचा, हळूहळू विरघळणारा प्रकारही मिळतो. मात्र हा बदल रमजानच्या आधी डॉक्टरांनी करायचा, आपण नव्हे. बारकावे बरेच आहेत. रिव्हॉरॉक्साबॅनची २० मिलिग्रॅमची गोळी जेवणासोबतच हवी, खजुराच्या दोन बियांवर भागत नाही. वॉरफरिन किंवा एसिनोकुमॅरॉल घेणाऱ्यांचं खाणं रमजानमध्ये बदलतं. पालेभाजी एकदम वाढली किंवा बंद झाली की रक्ताचा आयएनआर हलतो, म्हणून तपासणी चुकवू नये. लघवी वाढवणारी गोळी आणि जोडीला डिगॉक्सिन असेल, तर उन्हातल्या रोज्यात शरीरातलं पाणी आणि पोटॅशियम घटून डिगॉक्सिनच विषासारखं वागू लागतं. अशांना डॉक्टर बहुधा रोजा ठेवू देत नाहीत.

अम्मीलाही त्यांनी नाही म्हटलं. शिरेतून औषध देण्याआधी पाणी पाजलं, रोजा तिथेच संपला आणि ती रडली. धडधडीमुळे नव्हे. चाळीसहून अधिक वर्षं तिचा रमजानचा एकही रोजा आजारपणानं सुटला नव्हता. मशिदीतल्या मौलानांनी घरी येऊन समजावलं: आजाऱ्याला सवलत कुरआननंच दिली आहे, बरा होणारा असेल तर नंतर रोजे भरून काढायचे, आजार कायमचा असेल तर रोज्यामागे एका गरिबाला जेवण, म्हणजे फिदया. अम्मीनं ऐकून घेतलं. पटलं की नाही, देव जाणे. दोन दिवस ती कुणाशी धड बोलली नाही.

यंदा ती रोजे ठेवत नाही. तरीही पहाटे सगळ्यांच्या आधी उठते, रोट्या शेकते, आम्हाला वाढते. फिदयाचं धान्य पहिल्याच आठवड्यात पोचतं झालं. कुणाकडे, ते ती सांगत नाही. सहरीच्या ताटाशेजारी स्टीलच्या वाटीत तिच्या दोन गोळ्या असतात. आमची सहरी संपते तेव्हा ती त्या पाण्याबरोबर घेते, आणि मग माझ्या धाकटीपुढे मनगट धरते. धाकटी घड्याळाकडे बघत मोजते. काल ७४ होते.