जमिनीचा लढा आणि पाण्याचा लढा

लाल बावटा म्हटले की आपल्याकडे दोन पिढ्या आठवतात. एक खोत-सावकारांशी भांडून जमीन मागणारी, दुसरी 1972 च्या दुष्काळानंतर पाण्यासाठी रस्त्यावर बसणारी. दोन्ही डाव्याच. पण दोघींचे प्रश्न वेगळे होते. तो फरक ध्यानात घेतला, तर आज पाटाच्या पाण्यावरून गावोगाव होणारी भांडणेही नीट उमजतात. कृषी खात्याच्या माणसाला पक्षाशी कर्तव्य नाही. जमीन आणि पाणी हा मात्र आमचा रोजचा विषय, म्हणून हा लेखाजोखा.

कसेल त्याची जमीन

जुन्या डाव्यांचा सारा हिशेब जमिनीचा होता. अलिबाग तालुक्यातील चरी गावी 1933 साली नारायण नागू पाटील यांच्या पुढारपणाखाली कुळांनी खोतांची शेते कसायचे बंद केले. हा संप सहा वर्षे चालला. जंगलातली लाकूडफाटी विकून लोकांनी दिवस काढले, पण नांगर धरला नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1937 साली खोती रद्द करण्याचे विधेयक मुंबई कायदेमंडळात मांडले.

1945 साली ठाणे जिल्ह्यात किसान सभेच्या गोदावरी आणि शामराव परुळेकरांनी वारल्यांची वेठबिगार मोडून काढली. आधी वेठ बंद, मग गवत कापणीच्या मजुरीचा दर, अशी सरळ मागणी होती. पुढे शेतकरी कामगार पक्षानेही कुळांची बाजू लावून धरली.

या रेट्याचा परिणाम कायद्यात दिसला. 1948 चा कूळकायदा झाला, 1949 साली खोती गेली आणि 1 एप्रिल 1957 या कृषक दिनापासून कूळ मालक ठरले. आज अनेकांच्या सातबाऱ्यावर जे नाव आहे, त्यामागे हा लढा आहे.

पण यात एक उणीव राहिली. ज्याचे नाव कूळ म्हणून लागले, त्यालाच जमीन मिळाली. पुष्कळ ठिकाणी मालकांनी त्याआधीच कुळांकडून 'राजीखुशीने' जमिनी सोडवून घेतल्या होत्या. आणि जो नुसता शेतमजूर होता, त्याच्या पदरात काहीच पडले नाही.

जमीन आहे, पाणी कुठाय?

1972 च्या दुष्काळाने दुसरी गोष्ट उघडी पाडली. दहा-दहा एकरांचे मालक रोजगार हमीच्या कामावर खडी फोडताना दिसले. नुसता सातबारा पोट भरत नाही, हे तेव्हा कळले.

त्याच सुमारास नवे डावे पुढे आले. शहादा भागात श्रमिक संघटनेने आदिवासींच्या जमिनी आणि मजुरी हे प्रश्न घेतलेच, शिवाय तिथल्या बायांनी दारूविरुद्ध कंबर कसली. घरातला जाच हाही चळवळीचा प्रश्न झाला. सांगली जिल्ह्यात मुक्ती संघर्ष चळवळ उभी राहिली, आणि 1980 साली डॉ. भारत पाटणकर व सहकाऱ्यांनी श्रमिक मुक्ती दल स्थापन केले.

त्यांचा नमुना पाहायचा तर येरळा नदीवर बलवडी आणि तांदुळवाडीच्या मध्ये लोकांनी बांधलेले बळीराजा स्मृती धरण पाहावे. नदीतली वाळू ठेकेदाराने का न्यायची, ती आम्हीच विकून बंधारा बांधू, असे लोक म्हणाले आणि भांडून त्यांनी ते करून दाखवले. नियम असा ठरला की पाणी एकरावर नाही, घरावर वाटायचे. भूमिहीनालाही वाटा. त्याने दुसऱ्याची जमीन वाट्याने करून तो वापरावा. आणि या पाण्यावर ऊस नको. शेतीच्या दृष्टीने हे बरोबरच आहे, कारण पाटाने भिजवलेल्या एक एकर उसाच्या पाण्यात चार-पाच एकर रब्बी ज्वारी सहज निघते.

उणीव यांच्यातही होती. जुन्यांचे आमदार होते, तालुक्याला कचेऱ्या होत्या. नव्यांचे काम चोख, पण चार-दोन तालुक्यांपुरते. बंधारा गावाने बांधता येतो. कृष्णेचे पाणी डोंगर चढवून आणायला मात्र सरकारच हलवावे लागते.

आटपाडीला गाठ पडली

म्हणूनच 1993 सालची आटपाडीची पाणी परिषद महत्त्वाची. 13 दुष्काळी तालुक्यांतली माणसे तिथे जमली. प्रतिसरकारच्या काळातले क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी, सांगोल्याचे शेकापचे गणपतराव देशमुख आणि डॉ. पाटणकर एका मांडवात बसले. जुन्यांची ताकद आणि नव्यांचा समन्यायी वाटपाचा विचार यांची जोड लागली. त्यानंतर वर्षानुवर्षे परिषदा आणि मोर्चे झाले, आणि टेंभूसारख्या उपसा योजनांचे पाणी या पट्ट्यात पोचले. नागनाथअण्णा 2012 साली गेले, गणपतराव 2021 साली.

जुन्या झेंड्याखाली नवा प्रश्न येतो, हे मार्च 2018 मध्येही दिसले. किसान सभेचा लाँग मार्च नाशिकहून मुंबईला पायी गेला. कर्जमाफीबरोबर त्याची मोठी मागणी होती 2006 च्या कायद्याप्रमाणे वनजमिनीचे पट्टे नावावर करण्याची. दहावीच्या पोरांची परीक्षा चुकू नये म्हणून ही माणसे मुंबईत रात्रीची चालली.

आता गावात काय?

पाणी आले, पण वाटप कसे? 2005 च्या कायद्यानुसार पाणी वापर संस्थेत सभासद होतो तो लाभक्षेत्रातला जमीनधारक. बलवडीत भूमिहीनाला मिळालेला वाटा या कायद्यात नाही. म्हणजे 1957 साली जो मजूर बाहेर राहिला, तो पाण्याच्या वेळीही बाहेरच राहतो. वरच्या अंगाला उसाचे फड हलतात आणि टेलच्या शेतकऱ्याची ज्वारी वाळते, हे तर आपण दर उन्हाळ्यात बघतोच.

सरपंच, ग्रामसेवक आणि संस्थेच्या संचालकांनी पाळी ठरवायच्या आधी तीन गोष्टी कागदावर मांडाव्यात. उसाखाली किती एकर आहे, टेलला गेल्या हंगामात किती पाळ्या मिळाल्या आणि गावात बिनजमिनीची घरे किती. हे तीन आकडे ग्रामसभेत वाचून दाखवावेत. कायदा भूमिहीनाला पाणी देत नसला, तरी त्याला वाट्याने जमीन आणि तिच्यासोबत पाण्याची पाळी द्यायला गावाला कुणी अडवलेले नाही.