कशावरून?

राजकारण, क्रिकेट आणि मुलांचे मार्क हे आपल्या घरोघरच्या वादाचे तीन कायमचे विषय. पण अधूनमधून एक चौथा विषयही दार ठोठावतो. एखाद्या सकाळी बातमी येते की, कुणीतरी पाण्यापासून इंधन केले, कुणी प्रकाशाचा वेग मोडला, कुणाला विजेचा खर्च निम्म्यावर आणणारा पदार्थ सापडला. मग लोकलच्या डब्यात, कट्ट्यावर, रविवारच्या पोह्यांभोवती दोन तट पडतात. एक तट म्हणतो, "आता क्रांती होणार!" दुसरा म्हणतो, "सगळे थोतांड आहे हो!" तासाभराने दोन्ही तट आपापल्या जागी तसेच असतात. पोहे मात्र संपलेले असतात.

अशा वादांना हसण्याचे कारण नाही. ज्या समाजात विज्ञानाच्या बातमीवर भांडण होते, तो समाज जागा आहे असेच म्हणायला हवे. प्रश्न एवढाच की, आपण नेमके कशावर भांडतो? बातमीवर की बातमी देणाऱ्यावर?

१९९६ सालचा वनस्पती-पेट्रोलचा गाजावाजा अनेकांच्या स्मरणात असेल. तामिळनाडूतल्या राजापाळयम भागातल्या रामर पिल्लै या तरुणाने दावा केला की, विशिष्ट वनस्पती पाण्यात उकळून आपण पेट्रोलसारखे इंधन बनवतो. वर्तमानपत्रांनी बातमी उचलून धरली, दिल्लीपर्यंत दखल घेतली गेली. देशभर वाद सुरू झाला. पण तो पेट्रोलविषयी थोडा आणि माणसाविषयी फार होता. खेड्यातल्या गरीब पोराचे आपल्या साहेबी शास्त्रज्ञांना कौतुक नाही, तेल कंपन्या त्याला पुढे येऊ देणार नाहीत, आपल्या ऋषिमुनींना हे सारे ठाऊक होते, असे मुद्दे हिरिरीने मांडले गेले. विरोधात बोलणारेही फार वेगळे नव्हते. "शिक्षण नाही, पदवी नाही, हा कसला शोध लावणार?" हा त्यांचा युक्तिवाद. म्हणजे दोन्ही बाजू माणूस पाहत होत्या. भांड्यात काय चालले आहे ते कुणीच पाहत नव्हते.

वास्तविक हा वाद मिटवायला प्रयोगशाळेचीही गरज नव्हती. वाणसामानाची यादी करणारी कुठलीही गृहिणी तो मिटवू शकली असती. एक लिटर पेट्रोलचे वजन साधारण पाऊण किलो. त्यात सहाशे ग्रॅमहून अधिक निव्वळ कार्बन असतो. पाण्यात कार्बनचा कणही नाही. मग हा कार्बन आला कुठून? पानांतून म्हणावे, तर ओल्या पानात बरेचसे पाणीच असते. शंभर ग्रॅम पाल्यात दहा-बारा ग्रॅमच्या आसपास कार्बन निघाला तर पुष्कळ. म्हणजे पाल्यातला कण न् कण कार्बन पेट्रोलमध्ये उतरला असे मानले, तरी लिटरभर इंधनाला पाच-सहा किलो पाला हवा. मूठभर पाल्यात हा हिशेब बसत नाही. शिवाय पाणी म्हणजे जळून गेलेला हायड्रोजन. चुलीतली राख पुन्हा लाकूड व्हायची असेल तर बाहेरून ऊर्जा द्यावी लागते, आणि ती जळताना मिळणाऱ्या ऊर्जेहून कमी असू शकत नाही.

मद्रासच्या आयआयटीतल्या शास्त्रज्ञांनी आपल्या देखरेखीखाली चाचणी घेतली तेव्हा दावा टिकला नाही. तरीही प्रकरण तिथे थांबले नाही. पुढे हे 'इंधन' विक्रीला आले, लोकांनी त्याच्या विक्रीसाठी पैसे गुंतवले. २००० साली सीबीआयने कारवाई केली. ते वनस्पतींचे इंधन नव्हते, पेट्रोलियमपासूनच मिळणाऱ्या द्रावणांचे मिश्रण होते, असा सीबीआयचा आरोप होता. २०१६ साली चेन्नईच्या न्यायालयाने रामर पिल्लै आणि त्याच्या साथीदारांना दोषी ठरवून तीन वर्षांच्या सक्तमजुरीची शिक्षा सुनावली. पहिल्या बातमीनंतर वीस वर्षांनी! ज्यांनी घरातली पुंजी त्या व्यवहारात घातली, त्यांच्यासाठी हा वाद पोह्यांबरोबरची करमणूक नव्हता.

पदव्यांनीही हिशेब चुकतो

यावर कुणी म्हणेल, तो अशिक्षित माणूस होता. शिकलेल्यांचे बोलणे वेगळे. तसे नाही. २३ मार्च १९८९ रोजी अमेरिकेतल्या युटा विद्यापीठात मार्टिन फ्लाइशमन आणि स्टॅन्ली पॉन्स या दोन रसायनशास्त्रज्ञांनी पत्रकार परिषद घेऊन जाहीर केले की, सूर्याच्या पोटात चालते ती अणुसंमीलनाची क्रिया आपण टेबलावरच्या काचेच्या भांड्यात घडवली आहे. सूर्याच्या गाभ्यात त्यासाठी दीड कोटी अंश तापमान लागते. इथे होते जड पाणी, पॅलॅडियम धातूची कांडी आणि विजेचा प्रवाह. जितकी वीज आत घातली त्याहून अधिक उष्णता बाहेर आली, हा त्यांचा दावा. दोघेही नावाजलेले, फ्लाइशमन तर लंडनच्या रॉयल सोसायटीचे सदस्य.

जगभर धावपळ उडाली. आपल्याकडे जड पाण्याची वाण नव्हती. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात तेव्हाचे संचालक डॉ. पी. के. अय्यंगार यांच्या पुढाकाराने अनेक गट कामाला लागले. न्यूट्रॉन आणि ट्रिटियम आढळल्याचे त्यांनी १९८९ च्या अखेरच्या अहवालात नोंदवले. साहजिकच मुंबईकरांच्या वादाला देशाभिमानाचीही फोडणी मिळाली.

इथेही एक हिशेब होता. जड हायड्रोजनचे अणुगर्भ एकमेकांत मिसळले की न्यूट्रॉन बाहेर पडतात. या क्रियेतून फक्त एक वॉट उष्णता मिळवायची, म्हणजे टॉर्चच्या लहानशा बल्बाएवढी, तरी दर सेकंदाला एक लाख कोटींच्या घरात न्यूट्रॉन सुटायला हवेत. युटाच्या दाव्यातली उष्णता याहून अधिक होती. तेवढे न्यूट्रॉन खरोखर सुटले असते तर भांड्याजवळ उभे राहणाऱ्यांच्या जिवावर बेतले असते. शास्त्रज्ञ मात्र पत्रकारांपुढे धडधाकट बसले होते. अमेरिकेतल्या आणि ब्रिटनमधल्या मोठ्या प्रयोगशाळांना दावा पडताळता आला नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अमेरिकी ऊर्जा खात्याच्या समितीने पटण्याजोगा पुरावा नसल्याचा निर्वाळा दिला. काही जण चिकाटीने पुढेही प्रयोग करत राहिले. गूगलच्या खर्चाने नव्याने झालेल्या प्रयत्नांचा निष्कर्ष २०१९ साली 'नेचर' नियतकालिकात आला. त्यातही असे संमीलन घडल्याचा पुरावा मिळाला नाही.

या दोघांना भोंदू म्हणणे बरोबर होणार नाही. चुकले ते एवढेच की, इतरांना तपासायला पुरेसे तपशील देण्याआधी त्यांनी कॅमेऱ्यांपुढे घोषणा केली. एकदा जगापुढे शब्द गेला की तो मागे घेणे माणसाला जड जाते. आपल्याला लग्नकार्यातल्या वादांवरून याची चांगली कल्पना आहे.

साठ नॅनोसेकंदांचे कोडे

याच्या उलट वागणुकीचा नमुना २०११ सालचा. जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेतून निघालेले न्यूट्रिनो नावाचे सूक्ष्म कण सुमारे ७३० किलोमीटरवरच्या इटलीतल्या ग्रान सासो प्रयोगशाळेत प्रकाशापेक्षा ६० नॅनोसेकंद आधी पोहोचतात, असे 'ऑपेरा' प्रयोगात दिसले. एका नॅनोसेकंदात प्रकाश साधारण फूटपट्टीएवढे अंतर तोडतो. तेव्हा ही आघाडी अठरा मीटरची. पण आइन्स्टाइनच्या सिद्धांताला धक्का लागणार म्हटल्यावर घराघरांत भौतिकशास्त्र चर्चेला आले. "आइन्स्टाइन चुकला" म्हणणाऱ्यांचा उत्साह तर काही औरच होता.

प्रयोग करणाऱ्यांचा सूर मात्र वेगळा होता. महिनोन्‌महिने तपासूनही आम्हाला चूक सापडत नाही, तुम्ही शोधा, असेच जणू त्यांनी जगाला सांगितले. हिशेब मांडणाऱ्यांना आकाशात एक जुनी नोंदही सापडली. १९८७ साली सुमारे १ लाख ६८ हजार प्रकाशवर्षांवरच्या एका ताऱ्याचा स्फोट दिसला होता. त्याचे न्यूट्रिनो प्रकाशाच्या काही तास आधी पोहोचले. कारण ताऱ्याच्या पोटातून ते लगेच निसटतात, प्रकाशाला मात्र बाहेर पडायला वेळ लागतो. ऑपेराच्या प्रमाणात ते वेगवान असते तर चार वर्षे आधी यायला हवे होते. दोन्हीकडच्या न्यूट्रिनोंची ऊर्जा सारखी नव्हती, त्यामुळे एवढ्यावर निकाल लागत नव्हता. पण संशय बळावला.

२०१२ च्या फेब्रुवारीत उलगडा झाला. घड्याळाकडे जाणाऱ्या एका प्रकाशतंतूच्या केबलची जोडणी नीट घट्ट बसलेली नव्हती. त्याच भूगर्भशाळेतल्या दुसऱ्या गटाने स्वतंत्रपणे वेग मोजला, तो प्रकाशाच्या वेगाशी जुळला. जूनपर्यंत विषय मिटला. सैल बसलेला प्लग! आपल्या घरचा टीव्ही बंद पडला की आपण आधी तेच पाहतो, यावर तेव्हा विनोद झाले. पण एवढ्या अफाट यंत्रणेतला तेवढाच दोष स्वतः हुडकून तो जगाला सांगणे, यात प्रामाणिकपणा आहे.

नाही म्हणणाऱ्यांनाही परीक्षा

इथवर वाचून घरातल्या 'थोतांड'वाल्या काकांना आनंद झाला असेल. पण त्यांनीही जरा थांबावे. प्रत्येक बातमीला थोतांड म्हणणारा माणूस बहुतेक वेळा जिंकतो. पण त्यात त्याची विद्या नसते. दर पावसाळ्यात "आज पाऊस नाही" म्हणणारा छत्री न घेता निघतो, तसेच हे.

१९८६ साली झ्यूरिकजवळच्या प्रयोगशाळेत बेडनॉर्झ आणि म्यूलर या दोघांनी एका चिनी मातीच्या जातीच्या पदार्थात अतिसंवाहकता, म्हणजे विजेला शून्य रोध, आढळल्याचे सांगितले. असे पदार्थ मुळात वीज धड वाहून नेत नाहीत, त्यामुळे शंकेला भरपूर जागा होती. पण वर्ष संपण्यापूर्वी टोकियोत तेच दिसले. मग अमेरिकेत, युरोपात आणि भारतातल्या प्रयोगशाळांतूनही त्या जातीचे पदार्थ तयार होऊ लागले. १९८७ साली द्रवरूप नायट्रोजनच्या तापमानालाही अतिसंवाहक राहणारा पदार्थ सापडला आणि त्याच वर्षी त्या दोघांना नोबेल मिळाले. ज्यांनी ऐकताक्षणी मान हलवली असेल त्यांना हे चुकलेच असते.

आता याच्या शेजारी २०२३ सालची बातमी ठेवा. जुलैत दक्षिण कोरियातल्या एका गटाने सांगितले की, शिसे आणि तांबे असलेला 'एलके-९९' हा पदार्थ साध्या खोलीच्या तापमानाला अतिसंवाहक आहे. चुंबकावर अर्धवट तरंगणाऱ्या काळ्या खड्याची चित्रफीत जगभर फिरली. विजेच्या तारांतली गळती संपणार, रुग्णालयातले एमआरआय स्वस्त होणार, अशी स्वप्ने रंगली. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेसह अनेकांनी तो पदार्थ करून पाहिला. अतिसंवाहकता दिसली नाही. रोध एकदम घसरल्यासारखा वाटत होता तो भेसळीतल्या कॉपर सल्फाइडमुळे. जर्मनीतल्या शास्त्रज्ञांनी शुद्ध स्फटिक बनवला तेव्हा तो चक्क विद्युतरोधक निघाला. महिनाभरात निकाल लागला.

दोन्ही बातम्या सुरुवातीला सारख्याच दिसत होत्या. दोन्हींत अविश्वसनीय दावा, दोन्हींत फारसे ठाऊक नसलेले संशोधक. फरक पडला तो दुसऱ्याच्या हातून तेच घडले की नाही, एवढ्याने. पहिल्या दिवशी तो फरक कुणालाच कळणे शक्य नव्हते. ना उत्साही पुतण्याला, ना संशयी काकांना. पहिल्या दिवशीचे खरे उत्तर होते, 'थांबून पाहू.' आपल्याकडे मात्र थांबणाऱ्याला मत नाही असे समजतात.

म्हणून घरच्या वादात काही साधे प्रश्न रुळावेत असे वाटते. मोजले काय आणि कशाने? आत किती घातले, बाहेर किती आले? दुसऱ्या कुणी, त्याचा काही संबंध नसताना, करून पाहिले का? आणि सांगणारा आपल्याकडे पैसे मागतो आहे का? पाण्यावर धावणाऱ्या गाडीपासून सर्व रोग घालवणाऱ्या यंत्रापर्यंत बहुतेक दावे यांतल्या एखाद्या प्रश्नाशी अडखळतात. त्यासाठी शास्त्राची पदवी लागत नाही. बेरीज-वजाबाकी आणि थोडा धीर लागतो.

एक अडचण मात्र आपल्या घरांतच आहे. मोठ्यांनी काही सांगितले आणि दहा वर्षांच्या मुलीने "कशावरून?" असे विचारले, तर अजूनही पुष्कळ घरांत "उलट बोलू नकोस" हे उत्तर मिळते. मग तीच मुलगी मोठी होते, कुणी झकपक माणूस तिला नव्या इंधनाची एजन्सी घ्यायला सांगतो आणि तिला "कशावरून?" विचारण्याचा संकोच वाटतो. पुढच्या रविवारी अशी एखादी बातमी घरात आली आणि पोरांपैकी कुणी हा प्रश्न विचारला, तर आजोबांनी रागावू नये. चष्मा लावावा, कागद-पेन्सिल मागवावी आणि "चल, हिशेब करून पाहू" म्हणावे. उत्तर आले नाही तरी हरकत नाही. दुसरी प्रयोगशाळा काय म्हणते, ते दोघांनी मिळून वाचायला काही महिने हाताशी असतात.